ओला माकूल

ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरच्या आमच्या गॅनेट पॉइंट गावाचं पत्रक महिन्यातून एकदा निघतं. आठ पानं, मधोमध दोन पिना. भरती-ओहोटीच्या वेळा, फुटबॉलचे निकाल, कुणाची बोट विकायची आहे, कुणाचं मांजर हरवलंय. लोक लिहून पाठवतात आणि छापायला जाण्याआधी मी ते तपासते. एडी झोपली की तपासते. एडी माझी मुलगी, आठ महिन्यांची. सध्या तिचे वरचे दात येतायत, त्यामुळे ती झोपते असं म्हणणंसुद्धा जरा धाडसाचंच आहे.

स्पेलिंग कॉम्प्युटर बघतो. माझ्या वाट्याला येतात त्या कानाच्या चुका. माणसाने एखादा वाक्प्रचार कधी वाचलेलाच नसतो, लहानपणापासून नुसता ऐकलेला असतो. ऐकताना कानाला जे ओळखीचं वाटलं ते तो लिहून मोकळा होतो. शब्द म्हणून सगळं बरोबर, त्यामुळे कॉम्प्युटरला काही कळत नाही. आमच्या फुटबॉलच्या कोचला दर हंगामात पोरांना बजावायचं असतं की जग फार क्रूर आहे, 'डॉग ईट डॉग', कुत्रं कुत्र्याला खातं असं. तो लिहितो 'डॉगी डॉग'. वाचणाऱ्याला वाटतं, बाहेर सगळीकडे गुबगुबीत पिल्लं हुंदडतायत. मी ते दुरुस्त करते आणि पुढच्या हंगामात पिल्लं परत येतात.

पण या बाबतीत माझ्या सासूचा, मर्लचा हात कुणी धरणार नाही.

मर्ल आमच्या किनाऱ्याचा रेडिओ सांभाळते. पगार नाही. बोट बाहेर पडताना माणूस तिला रेडिओवर सांगतो, कुठली बोट, किती माणसं, कुठे चाललो, परत कधी. परतला की पुन्हा सांगतो. कुणी वेळेवर आलं नाही तर मर्ल हाक मारते, आणि हाकेला ओ आली नाही तर शोधायला बोट निघते. जेटीच्या तोंडाशी एक पत्र्याची खोली आहे, तिथे ती पहाटेपासून बसते. माझा सासरा केल्विन गेल्यानंतर घरातलं तिचं लक्षच उडालं. स्वतःची किटली, स्वतःची उशी, चांगले कप, सगळं हळूहळू तिने त्या खोलीत नेलं. तिथे काय काय ऐकलं ते ती पत्रकात लिहिते. सदराचं नाव 'रेडिओवरून'. आधी सगळे तेच वाचतात.

'डॅम्प स्क्विब' म्हणजे ओला फटाका. एखाद्या गोष्टीचा फुसका बार निघाला की तसं म्हणतात. मर्ल लिहिते 'डॅम्प स्क्विड'. स्क्विड म्हणजे माकूल, आम्ही गळाला लावतो तो. माझं नवीन लग्न झालं होतं तेव्हा मी तिला हे समजावून सांगायला गेले. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"फटाक्यांचा इथे काय संबंध?" ती म्हणाली. "माकूल घे, रात्रभर बादलीत पाण्यात ठेव, सकाळी गळाला लाव. मासा हुंगूनसुद्धा बघत नाही. त्याला म्हणतात ओला माकूल. तू शहरातली, तुला नाही कळायचं."

मी स्क्विब छापलं. पत्रक आल्यावर तिने पेनाने शेवटच्या ब चा ड केला आणि मला मुद्दाम आणून दाखवला. तेव्हापासून आमचं हे असंच चाललंय. तिने ड लिहायचा, मी ब करायचा, छापून आल्यावर तिने पुन्हा ड करायचा.

एडीच्या वेळी मला नववा महिना होता तेव्हा तिने लिहिलं होतं की सगळ्या बोटींनी उत्तरेच्या खडकाला 'वाइड बर्थ' द्यावा. म्हणजे त्याच्यापासून चार हात लांब राहावं. पण बोटीच्या जागेला म्हणतात तो बर्थ वेगळा आणि जन्माचा बर्थ वेगळा, आवाज तेवढा एक. मर्लच्या स्पेलिंगने त्याचा अर्थ झाला की सगळ्या बोटींनी त्या खडकापाशी ऐसपैस बाळंत व्हावं. हसता हसता मला ओट्याला धरून उभं राहावं लागलं. तिला कारण कळल्यावर तीही हसली. मग माझ्या पोटावर हात ठेवून म्हणाली, ऐसपैसच होऊ दे गं बाई, चूक कशाला म्हणतेस.

तेव्हा या चुकांची मला धास्ती नव्हती. त्या जुन्या होत्या. प्रत्येकीमागे मर्लचं काहीतरी गणित होतं.

गेल्या महिन्याचं सदर तिने एका मंगळवारी दिलं. मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी ती एडीला सांभाळायला येते, तेवढ्यात मी पत्रक तपासते, नाहीतर तपासायचं सोडून टेबलावर डोकं ठेवून झोपते. सदरात नुकत्याच झालेल्या मीटिंगचं लिहिलं होतं. आमच्या बचाव तुकडीचा प्रमुख वॉरिक लिंडनर तिथे हिवाळ्यातल्या रेडिओच्या वेळांबद्दल बोलला होता. मर्लच्या म्हणण्याप्रमाणे तो म्हणाला, 'प्ले इट बाय यिअर'. यिअर म्हणजे वर्ष. ही चूक निम्मं गाव करतं. खरा शब्द इअर, म्हणजे कान. कागद समोर न ठेवता नुसत्या कानाने वाजवायचं, म्हणजेच जसं जमेल तसं बघू. एक अक्षर खोडून मी पुढे गेले असते. पण मर्ल तिथे थांबली नव्हती. तिने पुढे लिहिलं होतं की वेळा आता वर्षातून एकदाच ठरतील आणि पुढच्या मेपर्यंत त्यात बदल होणार नाही, सगळ्यांनी नोंद घ्यावी.

मी वॉरिकला फोन केला. तो म्हणाला, छे, असं काही ठरलं नाही. हवा बघून आठवड्याच्या आठवड्याला सांगू, एवढंच म्हणालो. मर्ल शेजारच्या खुर्चीवर तर होती. मग हसत म्हणाला, तुझी सासू हल्ली भारी कडक झालीय हं, प्रत्येकाकडून सगळं दोनदा वदवून घेते, पोरं म्हणतात शाळेतल्या बाई परवडल्या.

मलाही हसायला हवं होतं. पण फोन ठेवल्यावर मला कॉफी आठवली.

माझा नवरा लॅकी समुद्रात कालवं वाढवतात त्या शेतावर काम करतो, रोज बोटीने जातो. आदल्या आठवड्यात त्याचं इंजिन खोकायला लागलं. त्याने आईला रेडिओवर तसं सांगितलं, 'कॉफिंग' म्हणाला. मर्लने उत्तर दिलं, ठीक आहे, कॉफी संपव आणि ये. लॅकीच्या बोटीत गार कॉफीचा खोका कायम असतो, हे तिला माहीत आहे. तो कसाबसा इंजिन रडवत परत आला आणि जेवताना त्याने मला हे नक्कल करून सांगितलं. आम्ही दोघं इतकं हसलो की एडी दचकली.

गुरुवारी मर्ल आली तेव्हा एडी आतल्या खोलीत झोपली होती. दार अर्धवट उघडं होतं. मी चहा केला, टोस्ट केले, दुसऱ्या खेपेचं पाणी ठेवलं आणि सदराचा कागद टेबलावर घेतला. विषय कुठून काढायचा ते सुचत नव्हतं. डोळे मिटत होते. मर्ल दाराकडे पाठ करून बसली होती आणि कुणाला किती मासे लागले ते सांगत होती.

एडी उठली. आधी ती कुरकुरते, मग श्वास घेते, मग भोकाड पसरते. मला तिन्ही ऐकू आलं. मर्ल टोस्टला लोणी लावत होती आणि बोलत होती. मी उठले नाही. या आवाजाला माझे पाय माझ्या आधी उठतात, त्या दिवशी मी ते खुर्चीखाली दाबून धरले. आत माझी पोर रडत होती आणि मी सासूच्या चेहऱ्याकडे बघत होते.

तिला माझ्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असावं. ती बोलायची थांबली. मान वळवली ती मात्र भलतीकडे.

"किटली झाली वाटतं," ती म्हणाली.

किटलीखालचा गॅस मी अजून पेटवलाच नव्हता.

मी एडीला घेऊन आले. तिचं तोंड लाल झालं होतं. मर्लने तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हात पुढे केले. मी एडीला तिच्या मांडीवर दिलं.

"मर्ल," मी म्हणाले, "वॉरिक यिअर नव्हता म्हणाला. इअर म्हणाला होता."

"तेच लिहिलंय मी."

"वर्ष नाही गं. कान."

ती माझ्या ओठांकडे बघत होती. किती दिवसांपासून ती माझ्या डोळ्यांऐवजी ओठांकडे बघतेय, ते मला आत्ता दिसलं. एडीने तिच्या चष्म्याची दोरी तोंडात घातली. मर्लने ती सोडवली नाही.

मग ती सांगायला लागली. गेल्या हिवाळ्यापासून असं होतंय म्हणाली. आवाज येतो, पण शब्दांची शेपटं तुटून येतात. मग ती जुळवते. इतकी वर्षं त्याच बोटी, तीच माणसं, तेच खडक. कोण काय म्हणणार हे साधारण ठाऊकच असतं. नाही जुळलं तर पुन्हा बोलायला लावते.

"आजवर कुणाचं काही बिघडलं नाही," ती म्हणाली.

मला गप्प बसता आलं असतं. मी दमले होते. आणि माझ्या आठवड्यातल्या त्या दोन दुपारीसुद्धा तिच्याच भरवशावर होत्या. पण लॅकी दुसऱ्या दिवशी पुन्हा बोट घेऊन जाणार होता.

"लॅकीचं इंजिन खोकत होतं," मी म्हणाले. "तू त्याला कॉफी संपव म्हणालीस."

हे मात्र तिला पहिल्याच खेपेत ऐकू आलं.

एडीचं लोणी लागलेलं बोट मर्लच्या गालावर फिरत होतं. शेवटी तिने विचारलं, लॅकीला राग आला का? मी सांगितलं, नाही, त्याला गंमत वाटली, आम्ही दोघंही हसलो. तिने मान हलवली.

"रेडिओची खोली गेली तर मी सकाळी उठून जायचं कुठे गं?"

इथे ये असं मला म्हणायचं होतं, पण ती एडीला सांभाळायला येते ते उपकार म्हणून, आणि मी बोलावलं असतं ते दया म्हणून. तिला फरक बरोबर कळला असता. मी गॅस पेटवला.

तिने माझ्याकडून पेन घेतलं, सदरावर आडवी रेघ मारली आणि मागच्या बाजूला लिहायला लागली. एका हाताने एडीला धरून, दुसऱ्या हाताने. चार-पाच ओळी होत्या. ती रेडिओ सोडतेय, कान पहिल्यासारखे राहिले नाहीत, वॉरिकला नवीन माणूस हवंय, ज्यांना दोनदा बोलायला लावलं त्यांनी राग मानू नये. शेवटी होतं, 'निरोपसमारंभ वगैरे करू नका. असले समारंभ म्हणजे डॅम्प स्क्विड.'

"नीट तपास," ती म्हणाली. "या वेळी एकही चूक नको. ऐकू येत नाही म्हणून असं लिहिते, असं कुणी म्हणायला नको."

"सगळं दुरुस्त करू?"

"सगळं. माकूलसुद्धा."

मी तिच्यासमोर ड चा ब केला. इतक्या वेळा केलेली ती दुरुस्ती, पण या खेपेला पेन जड लागलं. पत्रक छापून आल्यावरही तिने तो खोडला नाही. मी वाट बघत होते.

फोन मात्र मला आले. बेकरीवाली नोलीन म्हणाली, तुझ्या झोपेचे हाल मला कळतात गं, मलाही तीन झाली, पण मर्लच्या शेवटच्या लिखाणात तरी चूक राहायला नको होती. कुठली चूक, मी विचारलं. ती म्हणाली, ते स्क्विड नीट छापलं नाहीस. कोचनेही तेच विचारलं. वॉरिकने तर विचारलं, हे स्क्विब म्हणजे काय, कुठल्या माशाचं नाव आहे का. मी प्रत्येकाला समजावून सांगितलं. कुणाला पटलं असं वाटलं नाही. तिसऱ्यांदा सांगताना मलाच पटेना.

आता रेडिओवर वॉरिकची बहीण ग्लेनिस बसते. सुरुवातीला मर्ल तिच्या शेजारी बसून खडकांची नावं सांगायची, मग हळूहळू तिने जाणं सोडलं. कप आणि उशी परत आणली. पोर्ट लिंकनला जाऊन कान तपासून आली, यंत्र यायला वेळ आहे. मंगळवार-गुरुवार ती येतेच. एडी आत झोपली की स्वयंपाकघरात न बसता आतच बसते, पाळण्याच्या कठड्यावर हात ठेवून. एडी हलली की तिच्या हाताला कळतं. मी टेबलावर डोकं ठेवून झोपते.

परवा आम्ही तिघी बेकरीत गेलो. नोलीनच्या काउंटरमागे पत्रक टाचलेलं असतं. मर्लच्या निरोपातल्या शेवटच्या शब्दाचा ब कुणीतरी खोडला होता आणि वर निळ्या पेनाने ठसठशीत ड काढला होता. मर्लने चष्मा लावून ते वाचलं. नोलीन पाव पिशवीत भरत राहिली, वर बघितलंच नाही तिने.

मर्ल माझ्याकडे वळून काहीतरी म्हणाली. एडी माझ्या खांद्यावर इतक्या जोरात रडत होती की मला ऐकू आलं नाही.

"काय?" मी विचारलं.

"फटाक्यांचा इथे काय संबंध," ती पुन्हा म्हणाली.