परत आलेले चार टी-शर्ट

ऑनलाइन घेतलेला कपडा गिऱ्हाईक परत पाठवतं, तेव्हा तो कोराच आहे की अंगाला लागलाय, हे यंत्र सांगत नाही. नाक सांगतं. त्या गोदामात हे काम जिच्याकडे होतं तिला सगळे नाकवाली म्हणत. दिवसाला तीनशे पाकिटं फोडायची, टी-शर्ट काढायचा, काखेला नाक लावायचं. कोरा असला तर हिरवी चिठ्ठी, वापरलेला असला तर लाल. घरी तिने "तपासणीत आहे" एवढंच सांगितलं होतं. लोकांच्या काखा हुंगून पोट भरते, हे सासरी कोणत्या तोंडाने सांगणार?

त्या दुपारी एक पाकीट फोडलं आणि तिचा हात थबकला. काळे चार टी-शर्ट. छातीवर पेटलेली गिटार, पंख फुटलेली मोटारसायकल, असली जुन्या रॉक गाण्यांवरून काढलेली चित्रं. अगदी हेच चार दिराने तिच्या कर्मचारी सवलतीवर मागवले होते, त्याच्या बँडसाठी. शनिवारी कार्यक्रमही दणक्यात झाला होता.

पाकिटावरचा खाते क्रमांक तिचाच होता.

तिने पहिला टी-शर्ट हुंगला. घाम, आणि त्यावर मलमाचा उग्र दर्प. दीर ड्रम वाजवायच्या आधी खांद्याला चोपडतो तेच मलम. टॅग जागच्या जागी होता, पण चांगलाच चुरगळलेला. आत खोचून वाजवलं असणार. मेल्याला वाटलं असेल, कुणाच्या बापाला कळतंय.

"काय गं, समाधी लागली का?" शेजारच्या टेबलावर खोकी बंद करणारी टेपवाली म्हणाली. "एवढा कुणाचा वास आवडला?"

"गप बस."

सवलतीचा माल वापरून परत केला की नोकरी गेली. गेल्याच महिन्यात दोघींना उभ्या उभ्या गेटबाहेर काढलं होतं. आणि तिच्या घरात सध्या पगार आणणारी ती एकटीच. हिरवी चिठ्ठी लावली की विषय संपत होता. कुणीतरी दुसरा हाच घाम नवा म्हणून विकत घेणार होता, एवढंच.

तिचा हात हिरव्या गठ्ठ्याकडे गेला, तेवढ्यात सुपरवायझर मागे येऊन उभा राहिला. त्याने पाकीट उचलून वाचलं.

"हा तुमचाच नंबर ना, बाई?"

"हो. दिराने मागवले होते."

त्याने टी-शर्ट नाकाशी नेला, तोंड वाकडं केलं आणि स्टूल ओढून बसला. मग आवाज खाली आणला. "लावा हिरवी. मी काही पाहिलेलं नाही."

फुकट काही देणारा हा माणूस नव्हता.

"फक्त एक करायचं. पूर्ण पाळीत दोनदाच बाथरूमला जाऊ देतात म्हणून बायका अर्ज लिहितायत म्हणे. कोण लिहितंय, कोण सह्या करतंय, तेवढं माझ्या कानावर घालायचं. एवढं नाक आहे तुम्हाला, कानही असतीलच."

शेजारी टेप ओढल्याचा आवाज थांबला. अर्ज टेपवालीच लिहीत होती, आणि नाकवालीला ते ठाऊक होतं.

"आणि नाही म्हटलं तर?"

"नाही कशाला म्हणाल? शहाण्या आहात."

दिराला ती घरी जाऊन सोलून काढणार होती. पण त्याने निदान वाजवून घाम गाळला होता. हा भाडखाऊ बसल्या जागी तिला विकत घेत होता, तेही दुसऱ्याच्या घामाच्या बदल्यात.

तिने लाल चिठ्ठी सोलली आणि चिकटवली. दुसरा हुंगला, लाल. तिसरा, चौथा, लाल.

"वापरलेत. चारही," ती म्हणाली, तीन टेबलांपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. "खातं माझं आहे. घ्या लिहून."

"बाई, विचार करा."

"हुंगून झालंय. आता विचार कसला करायचा?"

तो उठला आणि कानाला फोन लावून ऑफिसकडे निघाला. टेपवाली तिच्याकडे बघत राहिली.

वरून कुणी येईपर्यंत टेबल तिचंच होतं. तिने पुढचं पाकीट फोडलं, टी-शर्ट उलटा केला आणि काखेला नाक लावलं. हा कोरा होता. तिने हिरवी लावली.