तेरा नंबरचा उमेदवार

बंगळूरजवळच्या पीण्या या औद्योगिक वसाहतीत, एका पंपाच्या कारखान्यात हंबीरराव अठरा वर्षं माणसं नेमत आले होते. उमेदवार दारातून खुर्चीपर्यंत पोचायच्या आत त्यांच्या मनात त्याचा निकाल लागलेला असे. म्हणून १९९४ साली मालकांनी चाचणी घेण्यासाठी मूळची पुण्याची नीरजा, मानसशास्त्र शिकलेली तरुणी, बोलावली तेव्हा त्यांच्या कपाळाला आठी पडली.

सुपरवायझरच्या एका जागेसाठी सव्वीस जण आले होते. शंभर प्रश्नांच्या कागदावर नाव लिहायचं नव्हतं, फक्त नंबर होता. बघू तरी या कागदात किती दम आहे, म्हणून हंबीररावांनी एक कागद आपल्या खोलीत नेला, भरला आणि गुपचूप गठ्ठ्यात सरकवला. नंबर तेरा.

चार दिवसांनी नीरजा निकाल वाचू लागली. तेरा आला तसा हंबीररावांनी मिशीवरून हात फिरवला.

"हा नको," नीरजा म्हणाली. "कुणाचं ऐकून घेत नाही, लगेच तापतो. याला माणसांत ठेवूच नका, गोदामात बसवा."

"कोण म्हणतं तापतो?" हंबीरराव ताडकन उठले. "लोण्यासारखा माणूस आहे तो!"

"तुम्ही ओळखता त्याला?"

"मध्ये बोलू नका!" म्हणाले आणि स्वतःचाच आवाज ऐकून थबकले. मग हळूच खाली बसले. "तो मीच आहे."

नीरजाला हसू आवरेना. हंबीररावांनी खिडकीतून लेथवरच्या टोळीच्या मुकादमाला, भीमसेनला, हाक मारली. "खरं सांग, मी तापतो काय रे?"

भीमसेन बराच वेळ हात पुसत राहिला. "स्वल्प, अण्णा," थोडंसं, असं कानडीत म्हणाला आणि दोन पावलं मागे सरला.

हंबीररावांचं तोंड एवढंएवढंसं झालं. नीरजालाच वाईट वाटलं. "एक सांगू? सत्तावीस कागदांत खरा वाटतो तो तुमचाच. बाकीच्यांनी स्वतःला देवमाणूस करून टाकलंय. त्यांना नोकरी हवी होती ना!"

"म्हणजे तुमची चाचणी फसली."

"स्वल्प," नीरजा म्हणाली.

मग दोघांनी मिळून ठरवलं, की निवडक पाच जणांना एकेक दिवस भीमसेनच्या टोळीत काम करायला लावायचं आणि टोळीलाच विचारायचं. टोळीने रघुजी नावाचा एक अबोल माणूस निवडला. हंबीररावांनी त्याला दारातूनच परत पाठवला असता. तो मात्र उत्तम निघाला.

नीरजा दर शनिवारी हंबीररावांना ऐकून घ्यायला शिकवू लागली. पहिल्या तासाला त्यांनी तिला चारदा मध्येच तोडलं. ती वहीत काहीतरी टिपू लागली, तेव्हा "काय लिहिता?" म्हणून पाचव्यांदा.