फेल झालेली विहीर

कमलाकांत चुरी कादंबरी वाचत नसत, तपासत. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनाच्या कारखान्यात, लॅबमध्ये, त्यांची सगळी नोकरी गेली. तिथला नियम साधा. ड्रम आला की लांब काचेची नळी आत सोडायची आणि वरचं, मधलं, तळाचं असं तिन्ही ठिकाणचं सॅम्पल काढायचं. त्यावरून बॅच पास किंवा फेल. अख्खा ड्रम पिऊन बघायची गरज नसते, आणि कुणी बघितलाच तर तो मत द्यायला उरत नाही.

निवृत्त होऊन माहीमच्या वाडीत, पानवेलींच्या सावलीला येऊन बसल्यावर हीच नळी त्यांनी मराठी साहित्यात सोडली. पहिलं पान, मधलं पान, शेवटचं पान. पालघरचा एक पुस्तकवाला गावच्या वाचनालयात दर महिन्याला नव्या कादंबऱ्या पसंतीला ठेवून जाई. कमलाकांत त्या घरी नेत, तपासत आणि वाचनालयाच्या फळ्यावर खडूने मत लिहीत. पास झालेली कादंबरी राही, फेल झालेली परत जाई. 'नायक पहिल्या पानावर उदास, मधल्या पानावर उदास, शेवटी उदास. डॉक्टरला दाखवावा. फेल.' किंवा, 'सुरुवातीला खून, शेवटी लग्न. मधलं पोलीस बघतील. पास.' हा फळा वाचायला केळव्याहून, माकुणसारहून माणसं येत. कादंबऱ्यांपेक्षा फळ्याचा वाचकवर्ग मोठा होता. एकदा दिलेलं मत कमलाकांतांनी कधी फिरवलं नव्हतं. लॅबवाल्याने रिपोर्ट फिरवला, की गावात त्याची किंमत सुकटीच्या वासाइतकीच उरते.

या महिन्याच्या गठ्ठ्यात एक जाडजूड कादंबरी होती. लेखिकेचं नाव कुणी ऐकलेलं नव्हतं. पहिल्या पानावर एक घर विहीर खणायला घेतं. मधल्या पानावर नुसता खडक आणि त्यावर पडलेले कुदळीचे घाव. शेवटच्या पानावर घरातली मोठी सून ओंजळभर पाणी पिते आणि म्हणते, "गोड हाय."

कमलाकांतांनी फळ्यावर लिहिलं : 'वर विहीर, मधे खडक, तळाला पाणी. हा पाण्याचा रिपोर्ट आहे. आमच्याकडे तो एका ओळीत देत. फेल.'

गाव दोन दिवस हसलं. कादंबरी वाचनालयाच्या रविवारच्या बैठकीनंतर परत जायची होती, तोवर कमलाकांतांनी ती घरी खिडकीच्या फडफडत्या दाराला टेकू म्हणून लावून ठेवली.

तिथून ती नलूबाईंनी कधी उचलली हे त्यांना कळलं नाही. कळलं ते एवढंच, की दुपारी बायको वाल सोलत बसली होती, मांडीवर पुस्तक होतं, आणि सालं पातेल्यात पडत होती व दाणे कचऱ्यात.

"अगो, बिरडं सालांचं करणार आहेस का?"

नलूबाईंनी मान वर केली नाही. "अहो, मोठी सून विहिरीत उतरते का हो?"

"कुठली मोठी सून?"

"कुठली म्हणजे? तुम्ही वाचलीत ना?"

"वाचली म्हणजे... तपासली."

"सांगू नका!" नलूबाईंनी वालाने बरबटलेला हात वर केला. "एक अक्षर सांगायचं नाही. आधीच सगळ्या गावाला फळ्यावरून पाणी पाजलंत. बाकीचं तरी मला माझं वाचू द्या."

कमलाकांतांना सांगण्यासारखं काही ठाऊक असतं तर ते सांगितल्याशिवाय राहिले नसते. त्यांना राग आला. ज्या ड्रममधून त्यांनी स्वतः सॅम्पल काढलं, त्यात बायकोला सून सापडते म्हणजे काय? नलूबाईंचा डोळा लागल्यावर त्यांनी पुस्तक हळूच सोडवून घेतलं, त्यांची खुणेची काडी जागच्या जागी ठेवली, आणि ओट्यावर बसून आयुष्यात पहिल्यांदा कादंबरीचं दुसरं पान वाचलं.

मग तिसरं.

म्हातारा बाप विसाव्या पानाच्या आसपास मेला. तेही अर्ध्या वाक्यात, सुरुंगाच्या दारूच्या चौकशीत. 'बाप गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी दारू आली.' कमलाकांत तीन पानं पुढे गेले आणि मग थांबून मागे आले. गेला? कधी? शेजारचं माणूस उठून गेल्यावर जागा रिकामी दिसावी, तसं त्यांना आता दिसलं. लेखिकेने रडायला जागाच ठेवली नव्हती, कारण त्या घरालाही ती नव्हती.

पुढे दोघा भावांचं बिनसलं. बोलणं बंद झालं. एक दिवस थोरला खणे, एक दिवस धाकटा. विहिरीची एक बाजू गुळगुळीत, दुसरी ओबडधोबड. वरून बघणाऱ्याला भांडण भिंतीवर दिसे. कमलाकांतांनी पुस्तक मिटलं, वाडीत जाऊन आपल्या विहिरीत डोकावले, आणि परत येऊन उघडलं.

संध्याकाळी नलूबाई वाचत, सकाळी त्या मासळीला गेल्या की कमलाकांत. एकाच पुस्तकात नवरा-बायको दोन पाळ्यांत काम करू लागले. कालवण दोनदा करपलं आणि दोघांनीही ते मुकाट खाल्लं.

शनिवारी सकाळी ते मधल्या पानावर पोचले. तेच पान. तोच खडक, तेच घाव. 'घाव उजवीकडून डावीकडे पडायचे, ते आज डावीकडून उजवीकडे पडले होते.' या ओळीवरून त्यांनी पूर्वी नळी धुऊन ठेवली होती. आता त्यांनी तिच्यावरून बोट फिरवलं. धाकटा आपल्या पाळीला खाली उतरलाय. काल थोरल्याने खणलेल्या जागेवर हात फिरवतोय. आणि त्याला घावांवरून कळतं, की भाऊ डाव्या हाताने खणतोय. त्याचा उजवा गेलाय आणि त्याने कुणाला सांगितलेलं नाही. तो वर येऊन काही बोलत नाही. फक्त त्या दिवशी कठीण खडक सगळा आपण फोडतो आणि मुरूम उद्यासाठी, भावासाठी ठेवतो. लेखिका यातलं काहीच म्हणत नाही. ती आपली खडकाचं वर्णन करते.

कमलाकांतांच्या मनात आलं, ड्रममधला माल ढवळलेला असतो, म्हणून नळी चालते. कादंबरी कुणी ढवळलेली नसते. तिच्यातली प्रत्येक गोष्ट आपल्या जागी बसलेली असते आणि आधीच्या सगळ्याचा भार तिच्यावर असतो. मग आजवर परत पाठवलेल्या त्या सगळ्या गठ्ठ्यांमधून काय काय पालघरला गेलं असेल?

शेवट त्यांनी त्याच रात्री, नलूबाई झोपल्यावर, उभं राहून वाचला. पाणी लागलं होतं. पण ते मचूळ होतं. आधीच्याच प्रकरणात एका पोराने झऱ्याचं पाणी चाखून थुंकलं होतं. काठावर दोन्ही भाऊ किती तरी दिवसांनी शेजारी उभे होते. मोठी सून ओंजळ भरून प्यायली, भावांकडे बघितलं, आणि म्हणाली, "गोड हाय."

जन्मभर कमलाकांतांनी खोटा रिपोर्ट दिला नव्हता, दुसऱ्याने दिलेला चालवून घेतला नव्हता. त्या बाईचा रिपोर्ट त्यांनी तिथेच, उभ्या उभ्या, पास केला. आणि मग चष्मा पुसायला फडकं मिळेना.

एक प्रत स्वतःला मागवता आली असती. पण ज्या विहिरीला आपण फळ्यावर 'फेल' लिहिलंय, तिचं पाणी चोरून प्यायचं, हे त्यांना जमण्यासारखं नव्हतं. कादंबरी गावात राहायला हवी होती. त्यासाठी रविवारी सगळ्यांसमोर मत फिरवायला हवं होतं. आणि नलूबाईंची काडी अजून मधल्या पानाच्या अलीकडे होती.

"तुम्ही वाचताय ते मला कळलंय," वाचनालयाच्या पायऱ्या चढताना नलूबाई म्हणाल्या. पुस्तक त्यांच्या काखेत होतं. "आत काय ते बोला. पण त्यात पुढे काय होतं ते तोंडातून निघालं, तर आठवडाभर स्वतःचं म्हावरं स्वतः साफ करायचं."

बैठकीला नेहमीचीच माणसं होती. अध्यक्ष अंकुश मेहेर, स्वतःच्या दोन बोटी असलेले, ग्रंथपाल रिद्धी, आणि फळ्याचा वाचकवर्ग.

"काका, विहीर फेल ना?" रिद्धीने सुतळी घेतली. "गठ्ठा बांधते."

"थांब. फेरतपासणी आहे."

खुर्च्या करकरल्या. अंकुश मेहेर पुढे झुकले. "कमलाकांत, तू मत फिरवतंय? तब्बेत बरी हाय ना तुजी?"

"बरी आहे. ही कादंबरी ठेवायची."

"का ठेवायची? पाण्याचा रिपोर्ट हाय म्हनून तूच लिवलंस. आमी हसून हसून पोट दुखवून घेतलं. आता कारन सांग."

कमलाकांत उभे राहिले. "हिच्यात दोन भाऊ आहेत. त्यातला थोरला..."

मागून नलूबाई खोकल्या.

"बरं. भाऊ राहू देत. मधे एक पान आहे. साधा खडक. पण त्या खडकावर..."

खोकला.

"शेवटी ती जी बाई पाणी पिते, ती..."

"अहो!"

कमलाकांतांचं तोंड उघडं राहिलं. सांगायचं एवढं होतं, की एकेक शब्द गळ्यापर्यंत येई, नलूबाईंच्या काखेतल्या काडीकडे बघे आणि परत जाई. त्यांनी हात वर केला, खोलीचं माप घेतल्यासारखा हवेत खाली नेला, अजून खाली नेला, आणि तो तिथेच राहिला. पंखा गरगरत होता. कुणी हसलं नाही. सगळे त्या हाताकडे बघत होते.

अंकुश मेहेरांनी खुर्ची मागे सरकवली.

"ह्याला गप पायलेला नाय मी कदी," ते शेवटी म्हणाले. "लग्नात अंतरपाट धरलेला, तवासुदा भटजीच्या चुका काडत होता. ज्या पुस्तकानं ह्याची बोलती बंद केली ते पालघरला परत जानार नाय. रिद्धी, शिक्का मार."

"नलूबाईंनंतर माझा नंबर लावा," कुणीतरी म्हणालं.

"तुजा कसा? नलूवयनींच्या नंतर माजा," अंकुश मेहेर म्हणाले.

रिद्धी शिक्का घेऊन आली. नलूबाईंनी तिला पहिल्या पानावर शिक्का मारू दिला; पुस्तक मात्र हातातून सोडलं नाही.

घरी आल्यावर त्या तडक ओट्यावर बसल्या. कमलाकांतांनी चहा केला, कप शेजारी ठेवला आणि खांबाला टेकून उभे राहिले. खडकाचं पान आता दोनच पानं दूर होतं. एक पान उलटलं. नलूबाईंच्या कपाळावर आठी आली, गेली. मग दुसरं.

"तुम्ही जरा वाडीत जाऊन या," नलूबाई नजर न उचलता म्हणाल्या. "तुमचा श्वास ऐकू येतोय मला."