गाणारं पातं

वस्तरे घडवणाऱ्या म्हाताऱ्याने सुनेला शब्द दिला होता. तुझं पातं गायलं तर सहाणेच्या चाकावरची माझी जागा तुझी, आणि त्याच पात्याने माझ्या मिशा उतरव. मिशांवर त्याचा भारी जीव. तरी म्हातारा निर्धास्त होता, पातं गातंय कुठे!

सुनेला ती जागा हवीच होती. भाता ओढून तिचे दंड पैलवानाचे झाले होते, पण मन सगळं त्या फिरत्या दगडाशी. तिने पोलाद घडवलं, तेलात विझवलं, वाळल्या गवताचा रंग चढेपर्यंत मंद आचेवर शेकलं. मग सहाणेच्या नव्या, मोठ्या चाकावर पात्याचे दोन्ही गाल, म्हणजे धारेच्या दोन बाजू, घासून खोलगट केले. गाल खोल गेले, की नख लागताच पातळ धार गाते. हिने नख लावलं. ठक्क! जणू पाट आपटला.

सूनबाईंच्या पात्याचा घसा बसलाय, याला काढा पाजा, असं म्हणत म्हातारा मिशांना पीळ देत बसला.

पुन्हा घासलं, पुन्हा ठक्क. रडकुंडीला येऊन ती तरातरा निघाली आणि दाराच्या दगडाला ठेचकाळली. अंगठा धरून खाली बसली, तर काय! दार आपटू नये म्हणून टेकण लावलेला तो दगड म्हणजे सासऱ्याचं जुनं चाक, झिजून झिजून थाळीएवढं झालेलं. मोठं चाक गाल नुसता चाटतं. एवढंसं चाक आत शिरेल की!

तिने तो उचलून आसावर चढवला, पुन्हा गाल घासले आणि नख लावलं.

घंटेवरचा हात आवरावा आणि नाद मागे रेंगाळावा, तसा सूर घरभर फिरला. सासूबाई चूल सोडून धावल्या, नवऱ्याने भाता टाकला. जो तो नख लावी आणि खुळ्यासारखा हसे. म्हाताऱ्याने तर चारदा ऐकलं, डोळे मिटून. मग निमूट तोंडाला साबण फासून घेतला.

"हसू नका, मामंजी. हात हलेल."

"मी कुठे हसतोय? ओठच मोकळा झालाय, आपला आपण हलतोय."

मिशा गेल्या. सासूबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं आणि पदरात तोंड लपवून लग्नातल्यासारख्या लाजल्या. तेवढ्यात दार धाडकन आपटलं.

"आता दाराला काय लावायचं?" त्यांनी विचारलं.

सहाणेवर बसलेल्या सुनेने मान वर न करता सांगितलं, "मामंजी तेवढे रिकामे झालेत."

म्हाताऱ्याने तिपाई उचलली आणि दाराला पाठ लावून बसला. आत पातं गायलं, की त्याचा हात पीळ द्यायला वर जाई आणि हवेतच डोलत राही.