बिस्विकचं ओळखपत्र

यादीत आमच्या घराचं एकच नाव होतं, आणि तो माणूस गेल्या कापणीच्या आधीच मेला होता.

बिस्विक माझा धाकटा भाऊ. सवलतीच्या खतासाठी घरटी एकच नाव घेतात. गेल्या वर्षी आईनं त्याचं दिलं. यादी नवी करायला सवड कुणाला? तो गेला तेव्हा रीतीप्रमाणे त्याचा कप, ताटली, घोंगडी सगळं त्याच्यासोबत शवपेटीत ठेवलं. ओळखपत्र मीच त्याच्या शर्टाच्या खिशात घातलं. शहाणी मी! ओळखपत्राशिवाय खत मिळत नाही, हे रडताना कुणाला सुचतं?

गावच्या मुखियानं मला शब्द दिला होता. "फालेसी, नाव तीनदा पुकारतील. कुणी उठलं नाही, तर मी उठेन. माणूस गेला, पण घर जिवंत आहे, असं सांगेन. दोन्ही गोण्या तुझ्या."

त्या भरवशावर सकाळपासून मी आणि आई खतवाटपाच्या जागी आंब्याखाली बसलो होतो. शेतात मका गुडघ्याला लागला होता, पण पानं पिवळी पडत होती. या आठवड्यात खत पडलं नाही, तर कणसं अंगठ्याएवढी येणार आणि माझी चार पोरं कोंड्यावर दिवस काढणार. आई खोकत होती. हल्ली तिचा खोकला थांबतच नाही.

कारकुनानं दुकानदाराचं नाव घेतलं.

"याच्या शेतात कधी भोपळा तरी पिकलाय का गं?" शेजारची एसिनाती कुजबुजली. "गल्ल्यात पेरतो वाटतं खत!"

मग मुखियाची सून. ती तर तिकडे लांब लिलोंग्वे शहरात राहते. तिच्या गोण्या दिरानं उचलल्या. मला हसू येईना. मी गोण्यांचा ढीग बघत होते. तो भराभर उतरत होता.

"बिस्विक कान्येरे!"

कुणी उठलं नाही.

"बिस्विक कान्येरे!"

मी मुखियाकडे पाहिलं. तो पायाखालची माती बघत होता.

"आलो, आलो!" मागून मालिझानी उठला. "आजारी आहे तो. मला पाठवलंय."

मालिझानी गावातल्या कबरी खणणाऱ्यांचा म्होरक्या. पेटीचं झाकण शेवटी तेच लोक ठोकतात. त्यांच्याशी वाकडं घेतलं, तर घरातलं प्रेत घरातच राहतं. मुखियासुद्धा त्यांना वचकून असतो.

त्यानं ओळखपत्र पुढे केलं. त्याचा एक कोपरा वितळलेला होता. आमच्याच चुलीतला निखारा त्यावर पडला होता, तेव्हा बिस्विकला मी किती शिव्या घातल्या होत्या! कारकुनानं ओळखपत्रावर नजर टाकली आणि यादीवर खूण केली.

माझं डोकंच फिरलं. मी ताडकन उठले. आईनं माझं मनगट घट्ट धरलं.

"बस खाली."

"आई, त्यानं बिस्विकच्या खिशात हात घातला! पेटीत!"

"दिसलं मला. आंधळी नाही मी." तिला पुन्हा खोकल्याची उबळ आली. ती ओसरेपर्यंत मालिझानीनं पहिली गोणी सायकलवर चढवली होती. "आणि उद्या मला पुरायला कोण येणार आहे, फालेसी? तोच ना?"

मी खाली बसले. तो दुसरी गोणी बांधत होता. दोरी कमी पडली, तेव्हा त्यानं आमच्याकडे बघून हात पुढे केला, आणि आईनं गोण्या बांधायला आणलेली आमची दोरी त्याला दिली.