पिवळं लागलंय

माझे बाबा बंदरावर क्रेन चालवायचे. चार काचांच्या खोक्यात, गोदामाच्या छपरापेक्षाही उंच बसून जहाजातला माल उचलायचे. वारा सुटला की खालची माणसं टोप्या धरून पळत, आणि हे वर निवांत चहा पीत. उंचीची भीती नाही, वादळाची नाही, साहेबाची तर मुळीच नाही. पण घरात एखादी पोर "आई, पोटात कसंतरी होतंय" म्हणाली, की हाच माणूस पांढराफटक पडायचा. कपाळावर घाम. चपला पायात घालायलाही थांबायचे नाहीत, हातात धरून जिना उतरायचे.

उलटीची भीती. हसू येतं ना? शेजारीपाजारी हसायचेच. आम्हाला काही हसू येत नसे, कारण लहान मुलांची पोटं बिघडतातच. शाळेतून साथ यायची, ती धाकटी घरी आणायची, मग माझी पाळी. लोक म्हणतात, दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं. आमच्याकडे हत्तीच्या पावलांनी बाबा जायचे. मागे उरायची आई, एक बादली, जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणि आम्ही दोघी. आई तक्रार करत नसे. "त्यांचा स्वभावच तसा आहे, काय करणार," एवढंच म्हणायची आणि फरशी पुसायला बसायची.

टॉवेलची युक्ती बाबांचीच. क्रेनवाल्याला जहाजाच्या तळाचं काही दिसत नाही. खाली सिग्नलवाला उभा असतो, तो हाताने खुणा करतो आणि वरचा त्याप्रमाणे दांडे ओढतो. त्याने थांब म्हटलं की थांबायचं, का ते विचारायचं नाही. थांबायची खूण तर झाडूवाल्याने केली तरी पाळायची. आणि गंमत म्हणून कुणी खोटी खूण केली, तर त्याच दिवशी त्याला फाटकाबाहेर काढायचं. हा कायदा बाबांनी घरी आणला. कुणाचं पोट बिघडलं की आईने गॅलरीच्या कठड्याला पिवळा टॉवेल बांधायचा. रस्त्याच्या कोपऱ्यावर सायकल दुरुस्तीवाला होता, तिथून तिसऱ्या मजल्यावरची आमची गॅलरी दिसे. पिवळं दिसलं की बाबा तिथूनच मागे फिरत आणि बंदराच्या यार्डातल्या विश्रांतीच्या खोलीत झोपत. टॉवेल उतरला की घरी. सायकलवाला गिऱ्हाइकांना सांगायचा, "आज तिसऱ्या मजल्यावर पिवळं लागलंय." पुढे आमच्या घरातही तोच शब्द रुळला. उलटी हा शब्द बाबांसमोर काढायचा नाही, आणि ते परत आले की झाल्या प्रकाराबद्दल कुणी चकार शब्द बोलायचा नाही.

इथवर मी समजून घेतलं असतं. भीती कुणाला सांगून येत नाही, हे मलाही कळतं. पण मी तिसरीत असताना एकदा भर वर्गात माझं पोट बिघडलं. शिपाई मावशींनी मला व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं, पुढ्यात बादली ठेवली. आई लॉन्ड्रीत कामाला होती, तिथे फोन लागेना, म्हणून यार्डात निरोप गेला. आणि बाबा आले. खरंच आले, फाटकापर्यंत. मी बाकावरून पाहिलं. त्यांनी फाटकाच्या गजाला हात लावला, माझ्याकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं. मी हात वर केला. ते वळले आणि चालायला लागले, आणि पुढे गेल्यावर तर पळालेच. आई येईपर्यंत शाळा सुटून गेली होती.

त्या रात्री मी पांघरुणात होते. दुसऱ्या दिवशी टॉवेल उतरल्यावर बाबा आले आणि आईला म्हणाले, निरोप मला मिळालाच नाही, मिळाला असता तर कुणाला तरी पाठवलं असतं. मी ऐकलं आणि मूग गिळून बसले. घाबरून नव्हे. मी सांगितलं असतं तर आई भांडली असती, बाबांनी स्वतःचे कान धरले असते, मला एखादा फ्रॉक मिळाला असता आणि सगळं फिटलं असतं. मला ते फिटायला नको होतं. मी डूख धरला.

उट्टं काढायची वाट मला सहावीत गेल्यावर सापडली, आणि तीही मासळीच्या वासाने. आईने सकाळीच कालवण करून ठेवलं होतं, मोठ्या तुकड्यांचं, बाबांच्या आवडीचं. ते सकाळपासून संध्याकाळच्या गोष्टी करत होते. त्यांची सुट्टी सहाला व्हायची, आईची लॉन्ड्री सातला बंद व्हायची. मी शाळेतून आले, धाकटीला खाली खेळायला पिटाळलं, आणि कपाटातला पिवळा टॉवेल काढून कठड्याला बांधला. मग पडद्याआड उभी राहिले. बाबा कोपऱ्यावर आले, वर पाहिलं आणि खिळले. सायकलवाला काहीतरी बोलला. त्यांनी मान हलवली, पुन्हा एकदा वर पाहिलं आणि आल्या वाटेने गेले. आई यायच्या आत मी टॉवेल घडी करून जागच्या जागी ठेवला. रात्री बाबांच्या वाटचा तुकडा मी खाल्ला. काट्यासकट गोड लागला.

तुम्ही म्हणाल, दुसऱ्या दिवशी पकडली गेली असेल. मलाही तेच वाटलं होतं. पण आमच्या घरच्या मौनाने मला वाचवलं. बाबा आले तेव्हा आईने विचारलं, "काल डबल ड्यूटी होती वाटतं?" बाबा थबकले आणि "हं" म्हणाले. आईला वाटलं ते खरंच कामावर होते. बाबांना वाटलं, पोरींसमोर आई आपली अब्रू झाकतेय. दोघंही एकमेकांशी इतकं चांगलं वागले की मला रान मोकळं मिळालं.

मग मी टॉवेल बांधतच गेले. बाबा माझ्यावर ओरडले की बांधायचा. धाकटीला खांद्यावर घेऊन फिरले की बांधायचा. त्यांच्या हातात मिठाईचा पुडा दिसला तरी बांधायचा, तो पुडा कोपऱ्यावरून परत जाताना पाहायला मला मजा येई. पण खरी गोष्ट एवढीच नव्हती, तीही सांगते. दर वेळी पडद्याआड उभी राहून मी मनात म्हणायची, आज येतील. आज म्हणतील, गेली भीती खड्ड्यात, माझी पोर आजारी आहे. एक पायरी जरी चढले असते तरी मी धावत जाऊन टॉवेल सोडला असता. ते कधीच चढले नाहीत, आणि माझी तळपायाची आग मस्तकात जायची.

फुटलं ते सिग्नलवाल्या काकांमुळे. ते कपडे घेऊन आईच्या लॉन्ड्रीत गेले होते. आईने सहज विचारलं, यार्डात हल्ली फार डबल ड्यूट्या लागतात का? काका म्हणाले, वहिनी, कित्येक महिन्यांत एकही लागलेली नाही. तो बिचारा विश्रांतीच्या खोलीत फळीवर झोपतो, म्हणतो घरी सारखं पिवळं लागतंय. पोरींना एकदा चांगल्या डॉक्टरला दाखवा.

आईने इस्त्री तशीच ठेवली आणि लवकर घरी आली. मी गॅलरीत उभी होते, टॉवेलची गाठ मारत होते. ती दारात उभी राहून नुसती पाहत राहिली. मला वाटलं, आता पाठ सोलून निघणार. ती म्हणाली, का? बाकी काही नाही, एवढंच. मग मी शाळेचं सगळं सांगितलं. फाटक, गजावरचा हात, मी वर केलेला हात, त्यांचं पळणं. आईने मध्येच थांबवलं.

"शाळेत आले होते?"

"हो. मला बघून गेले."

"निरोप मिळाला नाही म्हणाले होते मला."

ती खुर्चीवर बसली. इतकी वर्षं बादल्या उपसताना जो राग तिला आला नव्हता तो तेव्हा आला, मला दिसला. ओठ आत ओढून घेतले की तिचा चेहरा वेगळाच व्हायचा. मला वाटलं ती टॉवेल सोडायला उठली. तिने माझी गाठ तपासली आणि म्हणाली, "नीट बांध. वाऱ्याने सुटेल." धाकटीला तिने शेजारी पाठवलं.

बाबा कोपऱ्यावर आले. वर पाहिलं, खांदे पाडले आणि वळायला लागले. तेवढ्यात आई गॅलरीत गेली आणि तिने हाक मारली. आमच्या रस्त्याने आईचा मोठा आवाज तोवर ऐकला नव्हता.

"अहो, पोरी बऱ्या आहेत. मला होतंय. उभं राहवत नाही."

एवढं बोलून ती आत आली आणि पलंगावर आडवी झाली. मी पडद्याआड. सायकलवाल्याच्या हातातला पंप थांबला. बाबा रस्त्याच्या कडेला उभे होते, एक पाऊल पुढे, एक मागे. मी मनात म्हटलं, पळा आता. बघू दे तिलाही. मला तेच हवं होतं, देवाशपथ. आई एकदा पाहील, मग आम्ही दोघी एका बाजूला होऊ.

बाबांनी खिशातून रुमाल काढला, नाकाला बांधला आणि रस्ता ओलांडला.

जिन्यावर पावलं वाजली. पहिला मजला, दुसरा. दुसऱ्यावर बराच वेळ काहीच वाजलं नाही. मग पुन्हा वाजली. दारात आले तेव्हा त्यांचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता आणि डोळे बादली शोधत होते. त्यांनी स्वतः मोरीत जाऊन बादली आणली. पलंगाजवळ वर्तमानपत्र अंथरलं, उलटंसुलटं, पण अंथरलं.

आईने त्यांना सोडलं नाही. पाणी द्या म्हणाली. डोकं धरा म्हणाली, इथे नाही, कपाळावर. मध्येच "आलं, आलं" म्हणून उठून बसायची, बाबा डोळे घट्ट मिटून बादली पुढे करायचे, आणि मग ती "गेलं वाटतं" म्हणून पुन्हा पडायची. मी तोंडात पदराचा बोळा कोंबावा तसा पडदा कोंबला होता. हसून हसून पोट दुखत होतं. हा उंच खोक्यातला राजा, हातात बादली, नाकाला रुमाल. माझ्या सगळ्या टॉवेलांची वसुली आई एका संध्याकाळी करत होती.

मग बाबा तिला म्हणाले, "घाबरू नकोस. मी आहे इथे. कुठे जात नाही."

माझं हसू तिथेच आटलं. आवाज कापत होता, पण ते खरंच बोलत होते आणि खरंच जात नव्हते. म्हणजे येता येत होतं. इतकी वर्षं जमत नाही म्हणून मी स्वतःची समजूत घालत होते, आंधळ्याला दिसत नाही तसं यांना जमत नाही. ते खोटं होतं. जमत होतं. माझ्यासाठी जमवलं नव्हतं.

मी पडद्याबाहेर आले. माझा चेहरा पाहून आई उठून बसली, केस बांधले आणि म्हणाली, "मला काही झालेलं नाही."

बाबांना कळेना. रुमाल खाली ओढून ते विचारायला लागले, मग टॉवेल का बांधला? मी म्हटलं, मी बांधला. आजही आणि आधीही. मासळीच्या दिवशीही मीच. हळूहळू त्यांचा चेहरा लाल झाला.

"खोटा सिग्नल दिलास? यार्डात अशा माणसाला आम्ही फाटकाबाहेर काढतो."

"फाटकाबाहेर तर तुम्ही उभे होतात," मी म्हटलं. "मी आत होते. बाकावर. आईसाठी तीन मजले चढलात. तिथे तर जिनाही नव्हता, बाबा."

त्यांनी आईकडे पाहिलं. आईने नजर हलवली नाही, आणि त्यांना सोडवायला काही बोललीही नाही. एरवी ती बोलली असती. बाबा बादली गुडघ्यावर घेऊन पलंगाच्या कडेला बसले.

"तू पाहिलं होतंस?" त्यांनी विचारलं. "मला वाटलं, तुझं लक्ष नव्हतं."

म्हणजे माझा वर केलेला हातही त्यांनी सोयीने विसरून टाकला होता. मग मी उरलेलं सांगितलं, जे मी आईलाही सांगितलं नव्हतं.

"सगळ्या वर्गाने पाहिलं. खिडकीतून. बाईंनी विचारलं, फाटकाशी आलेले ते तुझे वडील का गं? मी म्हटलं, नाही. कोण होते माहीत नाही."

रागाचा लाल रंग उतरून गेला. बादली दोन्ही हातांनी धरून ते तसेच बसले, आणि त्यांची बाजू घ्यायलाही कुणी नव्हतं, कारण आई उठून स्वयंपाकघरात गेली होती. मला वाटलं होतं, हे सांगताना गोड लागेल. खोटं कशाला बोलू, लागलंच. मी त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसले आणि ते काय म्हणतात याची वाट पाहू लागले. पोळ्या झाल्या तरी बादली त्यांच्या हातातच होती.