देवदत्तचं डिजरीडू

आटपाडीहून परतताना देवदत्तच्या मोटारसायकलला टेम्पोनं उडवलं. तो जागीच गेला. महिन्याभरानं त्याच्या आईनं, विनोदिनीकाकूंनी, त्याच्या मित्राला, सौमित्रला, सांगलीला बोलावून घेतलं.

देवदत्तचं डिजरीडू त्याच्या खोलीत कपाटाला टेकून उभं होतं. फुंकून वाजवायचं लांब नळीसारखं वाद्य, ऑस्ट्रेलियाहून मागवलेलं, वाळवीनं आतून पोखरलेल्या निलगिरीच्या खोडाचं, खांद्याला लागेल एवढं उंच. दोघा मित्रांनी कॉलेजात असताना नळाच्या पाइपात फुंकून हे वाद्य शिकायला घेतलं होतं. सौमित्र पुढे बांबूच्या नळीवरच वाजवत राहिला. देवदत्तनं हे आणलं, पण त्याला ते जेमतेम चार-सहा महिने मिळालं.

"तू घेऊन जा," काकू म्हणाल्या. "त्याच्या वाढदिवसाला येऊन वाजव. मला तो आवाज एकदा ऐकायचाय."

इस्लामपूरला घरी येऊन सौमित्रनं तोंड लावलं, तर नुसती हवा फुसफुसली. बांबूला जोर लागायचा. हे लाकूड जोर केला की गप्प व्हायचं. मुखाशी मेणाची कड होती, देवदत्तच्या ओठांच्या बेतानं दाबलेली, उजवीकडे जराशी कलती. सौमित्रचे ओठ तिच्यात बसेनात. तो तोंड वाकडं करून वाजवत राहिला. ओठ सुजले, सूर तुटतच राहिला.

शेवटी त्यानं गरम पाण्यात कापड पिळून मेणावर धरलं. मेण मऊ पडलं. त्यावर देवदत्तच्या अंगठ्याचा ठसा होता. सौमित्रनं तो बोटानं दाबून मोडला आणि नवी कड वळली. मग मोरीत जाऊन बराच वेळ हात धूत बसला.

त्यानंतर वाद्य बोलू लागलं. ओठ सैल सोडायचे, गालात हवा धरायची, नाकानं श्वास घ्यायचा, आणि घाई करायची नाही. एका दुपारी खालचा सूर लागला आणि फरशीतून पायाला जाणवला. पण देवदत्तच्या वाजवण्यात एक गुरगुर असायची. ती काही आली नाही.

वाढदिवसाला काकूंनी सतरंजी घातली. सौमित्रनं वाजवलं. काकू डोळे मिटून ऐकत होत्या. तो थांबला.

"हा त्याचा आवाज नाही रे."

"मेण बदललं, काकू. माझे ओठ बसत नव्हते."

"त्याचं मेण कुठंय?"

"त्यातच आहे. फक्त नव्यानं वळलंय."

काकूंनी त्या कडेवरून बोट फिरवलं. "मला विचारायचंस तरी."

सौमित्रनं वाद्य सतरंजीवर आडवं ठेवलं.

"घेऊन जा ते," त्या म्हणाल्या. "परत इथे आणू नकोस."

नंतर त्यानं दोनदा फोन केला. त्यांनी उचलला नाही. कितीतरी दिवस त्यानं डिजरीडूला हात लावला नाही. मग एका सकाळी बसला. पहिल्याच श्वासाला सूर लागला, खोल आणि स्वच्छ, कुठेही न तुटता. इतका चांगला त्याला कधीच लागला नव्हता, आणि त्याचंच त्याला फार वाईट वाटलं.